उद्योजकांचे प्रश्न : वकील आणि सीए निवडताना

या सदरासाठी आलेली बरीचशी पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत : छोट्या व्यवसायाने वकील आणि सनदी लेखापाल, म्हणजे ज्यांना आपण सर्रास सीए म्हणतो ते, कसे निवडावेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ मिळून मसाले, लोणची आणि पापड करून विकतो. उलाढाल वर्षाला ३२ लाखांच्या आसपास आहे. बँकेचे खाते, अन्न परवाना आणि बिले माझ्या नावावर आहेत. नफा आम्ही निम्मा-निम्मा घेतो, पण लेखी काहीच नाही. आता पुणे आणि बेळगाव येथील दुकानदार माल मागत आहेत. शेजारचे व्यापारी म्हणतात, त्यांचे कन्सल्टंट ठरावीक रकमेत ‘सगळेच’ करतात. आम्हाला नेमके कोण लागेल आणि चांगला माणूस ओळखावा कसा?
— एक वाचक भगिनी, संगमनेर

उत्तर : ‘सगळेच’ करणारा माणूस मिळाला की सोय होते खरी, परंतु तो करतो त्यातले किती काम त्याच्या अधिकारातले आहे, हे आधी पाहावे लागते. रोजच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवायला प्रशिक्षित हिशेबनीस पुरतो आणि तुमच्या आकाराच्या व्यवसायात तो आठवड्यातून एकदा आला तरी काम भागते. जीएसटीची विवरणपत्रे भरणारा सल्लागार सीएच असला पाहिजे असे नाही. कायद्याने जीएसटी प्रॅक्टिशनर अशी स्वतंत्र नोंदणी ठेवलेली आहे. आयकरासाठीच्या लेखापरीक्षण अहवालावर आणि कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर मात्र प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच सही चालते. भागीदारीपत्र, करार, नोटीस आणि दावा ही वकिलाची कामे आहेत. एखादा कर सल्लागार तुम्हाला छापील नमुन्यात नावे भरून भागीदारीपत्र करून देऊ लागला, तर तो वाईट माणूस आहे असे नव्हे, पण ते काम त्याचे नाही.

आयकराचे ऑडिट साधारणपणे १ कोटीच्या उलाढालीपासून, आणि रोखीची जमा व रोखीचा खर्च प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० कोटींपासून लागू होते. त्यामुळे मोठ्या फर्मच्या दारात जाण्याची तुम्हाला सध्या गरज नाही. तुम्हाला हवा आहे तो वर्षातून तीन-चारदा नीट वेळ देणारा, तुमच्याच तालुक्यातील किंवा शेजारच्या शहरातील सीए आणि व्यावसायिक करारांचे काम करणारा एक दिवाणी वकील.

यांपैकी वकिलाकडे आधी जा, असे मी म्हणेन, कारण तुमची खरी अडचण हिशेबाची नसून नात्याची आणि कागदाची आहे. आज कागदोपत्री हा व्यवसाय तुमच्या एकटीचा आहे. म्हणजे कर्ज आणि कराची जबाबदारी तुमची, आणि उद्या मतभेद झाले तर जाऊबाईंच्या हातात पुरावा काहीही नाही. भागीदारीपत्र करून ती भागीदारी निबंधकांकडे नोंदवणे १९३२ च्या कायद्याने सक्तीचे नाही, परंतु नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला त्याच कायद्याच्या कलम ६९ मुळे करारावरून येणे असलेल्या पैशांसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. वकील पारखण्याचीही हीच जागा आहे. केवळ नफ्याचे प्रमाण विचारून जो लिहायला बसतो त्याच्यापेक्षा, दोघींपैकी एक बाहेर पडली किंवा दुर्दैवाने वारली तर काय, मसाल्याच्या कृती आणि पाकिटावरचे नाव कोणाच्या मालकीचे, बँकेत सही एकीची की दोघींची, घरची मंडळी व्यवसायात आली तर काय, हे जो विचारतो तो वकील तुमच्या कामाचा. मसुदा तयार झाला की जाऊबाईंनी तो दुसऱ्या एखाद्या वकिलाला दाखवावा आणि तुम्ही त्यात अविश्वास मानू नये. एका वकिलाने दोन्ही बाजूंचे हित सारख्याच काळजीने पाहावे, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

सीए निवडण्यासाठी एक सोपी कसोटी तुमच्याच पत्रात आहे. पुणे आणि बेळगाव या दोन मागण्या तुम्हाला सारख्या वाटत असतील, पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, तर करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाला की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आधी घ्यावी लागते. तुम्ही बोलताबोलता बेळगावचे नाव घ्या आणि समोरचा माणूस तेथे थांबतो का ते पाहा. जो थांबतो, कोणकोणता माल तेथे जाणार, रोखीची विक्री किती, खरेदीची बिले मिळतात का, असे विचारत जातो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावे. पहिल्या पाच मिनिटांत ‘कर शून्यावर आणून देतो’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

त्याशिवाय, काम प्रत्यक्षात कोण करणार, स्वतः सीए की त्यांच्याकडचे आर्टिकलचे विद्यार्थी, आणि विद्यार्थी करणार असतील तर तपासणार कोण, हे निःसंकोच विचारावे. विद्यार्थ्यांनी काम करण्यात गैर काही नाही, त्यांचे शिक्षणच तसे होते. प्रश्न देखरेखीचा आहे. भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राची आणि चलनाची प्रत तुम्हाला मिळेल का, कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आणि फीमध्ये काय येते, काय येत नाही, हे एका पानावर लिहून घ्यावे. वार्षिक फी ठरते तेव्हा नोटिशीला उत्तर देण्याचे काम बहुधा त्यात धरलेले नसते, आणि मन दुखावण्याचे प्रसंग नेमके तेथेच येतात.

प्रश्न : माझे यंत्रमागाचे जॉब वर्कचे छोटे युनिट आहे. जीएसटी आणि आयकराचे सर्व पासवर्ड आमच्या कन्सल्टंटकडे आहेत आणि नोंदणीला मोबाइल नंबर व ईमेलही त्यांचेच आहेत. मागच्या आठवड्यात बँकेचे खाते गोठवल्यावर मला कळले की एका जुन्या वर्षाबद्दल नोटीस येऊन आदेशही झाला आहे. कन्सल्टंट म्हणतात, ‘बघतो’. मला ते बदलायचे आहेत, पण सगळ्या फायली त्यांच्याकडे आहेत. आधी काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कन्सल्टंट बदलण्याचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी आदेशाची तारीख शोधा. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध अपील करण्यासाठी आदेश कळवल्यापासून तीन महिने मिळतात आणि सबळ कारण दाखवल्यास अपील अधिकारी त्यापुढे फक्त एक महिना देऊ शकतात. थकबाकीची वसुली मात्र सर्वसाधारणपणे आदेश बजावल्यानंतर तीन महिने उलटल्यावर सुरू होते. याचा अर्थ असा, की खाते वसुलीसाठी गोठवले असेल तर मूळ मुदत बहुधा संपलेली आहे आणि तुमच्या हातात त्या वाढीव महिन्यातले काही दिवसच उरलेले असू शकतात. अपिलासोबत वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते, तिचीही तजवीज लगेच करावी. हे अपील सीए, वकील किंवा जीएसटी प्रॅक्टिशनर यांपैकी कोणीही चालवू शकतो. मुदत पूर्णपणे गेली असेल तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा विचार करावा लागेल; ते काम वकिलाचेच, आणि तेही अप्रत्यक्ष करांची प्रकरणे नेहमी चालवणाऱ्या वकिलाचे. जमिनीचे दावे उत्तम चालवणारे ओळखीचे वकील येथे उपयोगी पडतीलच असे नाही.

पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल बदलणे हे दुसरे काम. कन्सल्टंट ओटीपी देण्यास तयार असतील तर लॉगिन करून ते काही मिनिटांत होते. ते टाळाटाळ करत असतील तर तुमची नोंदणी ज्या जीएसटी अधिकाऱ्यांच्या कार्यक्षेत्रात आहे, त्यांच्याकडे पॅन, ओळखपत्र आणि व्यवसायाचे कागद घेऊन स्वतः जावे. अधिकारी खातरजमा करून नवा मोबाइल आणि ईमेल नोंदवू शकतात. आयकर पोर्टलचा पासवर्ड आधारशी जोडलेल्या तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीने तुम्हालाच बदलता येतो. डिजिटल सहीचे टोकन त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ते आजच परत घ्यावे. ती तुमची सही आहे, आणि कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या खिशात ठेवणे आणि हे, यांत फारसा फरक नाही.

फायलींबद्दल तुम्हाला वाटते तितके घाबरण्याचे कारण नाही. भरलेली विवरणपत्रे, नोटिसा, आदेश आणि पुरवठादारांच्या बिलांचा दाखला देणारे २बी विवरण हे सर्व पोर्टलवरून तुम्हालाच उतरवून घेता येते. कन्सल्टंटकडून मागायचे ते मुख्यतः टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप आणि तुमची मूळ बिले. त्यांची वाद नसलेली फी चुकती करून पावती घ्यावी, कागदांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि भांडण टाळावे. ऑडिट करणारा सीए बदलणार असाल, तर नव्या सीएने काम स्वीकारण्यापूर्वी आधीच्या ऑडिटरला लेखी कळवले पाहिजे, असा त्यांच्या आचारसंहितेचा नियम आहे. तेव्हा नवे सीए तसे पत्र पाठवतो म्हणाले तर ते जुन्यांची बाजू घेत आहेत असे समजू नये. उलट, असे पत्र न पाठवता दुसऱ्याच दिवशी सही करायला तयार होणाऱ्याबद्दल शंका घ्यावी.

पुढचा माणूस कितीही चांगला मिळाला तरी नोंदणीतला मोबाइल तुमचाच ठेवा आणि महिन्यातून एकदा पोर्टलवर स्वतः लॉगिन करून नोटिसांचे रकाने उघडून पाहा. तेथे एकाहून अधिक रकाने असतात आणि ‘अतिरिक्त नोटिसा व आदेश’ हा रकाना पाहायचा राहून गेल्याने फसलेले तुम्ही एकटे नाही. कराची जबाबदारी कायद्याने करदात्याची असते. सल्लागाराने कळवले नाही, या कारणाने विलंब माफ होण्याची शक्यता थोडीफार असते, कर माफ होण्याची नसते.

प्रश्न : कर्जासाठी बँकेने सीएचे प्रमाणपत्र मागितले आहे. एक एजंट ते दोन दिवसांत ‘सही-शिक्क्यासह’ आणून देतो म्हणतो. घ्यावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : घेऊ नये. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर २०१९ पासून यूडीआयएन हा १८ अंकी क्रमांक असावा लागतो आणि तो क्रमांक सनदी लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकून बँकेला किंवा तुम्हालाही काही क्षणांत पडताळता येतो. एजंटाने आणलेल्या कागदावरचा क्रमांक खोटा निघाला तर बँकेच्या दृष्टीने बनावट कागद सादर करणारे तुम्ही ठरता. क्रमांक खरा निघाला तरी, ज्याने तुमची वही पाहिली नाही त्याची सही घेऊन तुम्ही कर्ज काढलेले असते. तुमची विवरणपत्रे जे सीए भरतात त्यांच्याकडूनच प्रमाणपत्र घ्यावे. चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

प्रश्न : भोसरीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. चेन्नईच्या एका कंपनीकडे ११ लाख रुपये आठ महिन्यांपासून अडकले आहेत. एका वकिलांनी वसूल झालेल्या रकमेच्या १५ टक्के फी मागितली आहे. आधी काही द्यायचे नाही, हे मला सोयीचे वाटते. शिवाय ऑर्डरवर ‘वाद चेन्नई न्यायालयात’ असे छापलेले आहे. काय करावे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : वसुलीच्या निकालावर अवलंबून फी ठरवण्यास किंवा वसुलीत वाटा घेण्यास भारतात वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. परदेशी मालिकांमुळे ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटते, इतकेच. जे वकील पहिल्याच भेटीत स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडायला तयार होतात, त्यांच्या हाती ११ लाखांचे प्रकरण देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. फी टप्प्यांनी ठरवून घ्या : नोटिशीची किती, अर्ज किंवा दावा दाखल करण्याची किती, प्रत्येक तारखेची किती, कोर्ट फी व इतर खर्च किती, आणि तारखेला स्वतः वकील उभे राहणार की त्यांचे ज्युनिअर. जीएसटी नोंदणी असेल तर वकिलाच्या फीवरचा कर बहुधा रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. हे सीएंना आठवणीने सांगावे, कारण हा खर्च त्यांच्यापर्यंत पोहोचायचा बऱ्याचदा राहून जातो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यासारख्या प्रकरणात पहिला प्रश्न ‘माल पुरवला तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, होती का?’ हाच विचारणारा वकील शोधावा. होती, असे उत्तर असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. लेखी करार असला तरी उधारीची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. थकलेल्या पैशांचे वाद सोडवण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि खरेदीदार देशात कोठेही असला तरी पुरवठादाराच्या ठिकाणच्या परिषदेला अधिकार असतो, त्यामुळे ऑर्डरवरच्या चेन्नईच्या ओळीने खचून जाण्याचे कारण नाही. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचे असेल, तर तिला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. हा मार्ग माहीत नसलेले वकील तुम्हाला थेट दाव्याकडे नेतील. दावा वाईट नाही, पण ३ लाखांवरच्या व्यावसायिक वादात तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केले, आणि ती पायरी वगळलेला दावा दारातच अडतो. तुमच्याकडे कंपनीचा न वटलेला धनादेश असेल तर हिशेब आणखी वेगळा : बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

येथे सीएंचे कामही वकिलाइतकेच मोलाचे आहे. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात वजावट २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते, आणि कंपनीला ४५ दिवसांपुढची अशी थकबाकी दर सहामाहीस कंपनी निबंधकांना कळवावी लागते. म्हणून तुमच्या सीएंनी वर्षअखेरीपूर्वी कंपनीच्या लेखा विभागाला उद्यम क्रमांकासह शिल्लक पडताळणीचे पत्र पाठवावे. माझ्या मते अशा पत्राने जे काम होते ते पुष्कळदा कडक भाषेतल्या वकिली नोटिशीनेही होत नाही. कंपनीने त्यावर सही करून पाठवली तर देणे लेखी मान्य केल्यासारखे होते आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. वकील आणि सीए यांनी एकमेकांशी एकदा फोनवर बोलावे, एवढी व्यवस्था तुम्ही स्वतः करून द्या.

वकालतनामा वाचून सही करावी, कोऱ्या कागदावर सही देऊ नये, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्यावा. तो असला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुम्हाला स्वतः पाहता येते. वकील बदलण्याची वेळ आली तर फी थकली म्हणून त्यांना तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. मात्र वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग २०२४ च्या निकालानंतर बंद झाला असून व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते. निवड करताना सावध राहण्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : आधीच्या दोन वर्षांत आमची काही रोखीची विक्री हिशेबात आलेली नाही. आता सर्व सुरळीत करायचे आहे. हे नव्या सीएंना सांगावे की वकिलांना? कोणाला किती सांगावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांनाही खरे सांगावे, पण आधी वकिलांना. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार वकिलाला अशिलाच्या संमतीवाचून उघड करता येत नाहीत. अपवाद आहे तो पुढे बेकायदा कृत्य करण्यासाठी घेतलेल्या सल्ल्याचा, आणि तुम्ही तर चूक दुरुस्त करायला निघाला आहात. सीएलाही अशिलाची माहिती बाहेर देण्यास त्याच्या आचारसंहितेने मनाई आहे, परंतु ते व्यावसायिक बंधन आहे. कायद्याने विचारणा झाली तर वकिलासारखे संरक्षण सीएला नसते.

म्हणून करविषयक काम करणाऱ्या वकिलांकडे आधी बसावे, कोणत्या वर्षात किती विक्री राहिली याचा अंदाज मांडावा आणि मग सीएंना सोबत घेऊन आकडे पक्के करावेत. आयकरात अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय संबंधित कर निर्धारण वर्ष (म्हणजे विक्रीच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आहे. त्यात कर आणि व्याजावर जादा कर द्यावा लागतो : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. धाड किंवा चौकशी सुरू झाल्यावर ही सोय बहुतेक वेळा हातची जाते. जीएसटीचा कर वेगळा मोजावा लागेल, आणि खात्याची नोटीस येण्यापूर्वी तो स्वतःहून व्याजासह भरल्यास दंड टळू शकतो. दोन्ही कर एकाच वेळी, एकाच आकड्यावरून भरा. एका खात्याला सांगितलेली विक्री दुसऱ्या खात्याला कळतेच.